वाकळ म्हटलं की सहाशे, गोधडी म्हटलं की बाराशे

परवा पुण्याहून एकीचा मेसेज आला, ताई सस्टेनेबल लिव्हिंगवर काहीतरी लिहा ना, तुमचा प्रवास खूप इन्स्पायरिंग आहे. मी तो आत्तींना वाचून दाखवला. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या कोल्हापूर-इचलकरंजी भागात सासूला आत्ती म्हणतात. त्या सुईत दोरा ओवत बसलेल्या, मान वर न करता म्हणाल्या, "म्हंजे काय गं त्ये?" मी म्हटलं, काही टाकून द्यायचं नाही, असेल ते पुरवून पुरवून वापरायचं. "मग परवास कसला त्यात? घरातच बसलोय की आपण."

तर मी लिहितेय, आमच्या काटकसरीचं आणि गोधड्यांच्या धंद्याचं, पण इन्स्पिरेशन वगैरे काही नव्हतं हो, पैसे संपले होते एवढंच.

आमच्या घरात आठ माग होते, साधे धोट्याचे माग, आत्ता जे बिनधोट्याचे शटललेस आलेत ते नव्हे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी 1904 साली आणला असं इथलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगतं, आणि नंतर घराघरात, पत्र्याच्या शेडमध्ये, गल्लीबोळात माग झाले. लग्न होऊन आले तेव्हा पहिला महिनाभर मला झोप लागत नव्हती त्या खटखटीनं, नंतर असं झालं की लाईट गेली आणि माग थांबले की दचकून जाग यायची. मामा म्हणजे सासरे खर्चीवाले. हा शब्द बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगते, खर्चीवाला म्हणजे माग स्वतःचे, पण सूत व्यापाऱ्याचं आणि कापडही त्याचंच, आपण फक्त विणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. मजुरी ठरते पिकावर. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, त्याचा पैशात दर असतो, रुपयात नाही, पैशात. बाजार मंदा झाला की व्यापारी तो दर खाली आणतो, तेजी आली की वर न्यायला मात्र विसरतो. लाईटबिल, माग बिघडला तर दुरुस्ती, कामगाराचा पगार, सगळं आपल्या अंगावर. मामा आयुष्यभर या पैसा-अर्ध्या पैशावरनं भांडत आले.

2016 ला नोटाबंदी झाली तेव्हा कामगारांचा पगार रोखीत, आणि रोखच नाही. मग 2017 च्या जुलैत जीएसटी. एका व्यापाऱ्याकडं आमचे बरेच पैसे अडकले, ते आजतागायत मिळाले नाहीत आणि मिळतील असं आता कुणी म्हणतही नाही. चार माग 2018 ला विकले. राहिलेले चार लॉकडाऊननं खाल्ले, कामगार आपापल्या गावी निघून गेले, सूत येईना, आणि शेवटी ते किलोच्या भावानं भंगारात गेले. माग भंगारात घालताना आख्खा उचलून नेत नाहीत बरं का, बिडाचा असतो, घण घालून तुकडे करतात. त्या दिवशी मामा सकाळी जे बाहेर पडले ते संध्याकाळीच आले, कुठं होता म्हणून कुणी विचारलं नाही. माझे मिस्टर आता दुसऱ्याच्या शटललेसच्या कारखान्यात बारा तासाच्या पाळीवर जातात.

तर अशी सुरुवात आहे.

त्यानंतरच्या वर्षात मी काय काय केलं नाही. पापड केले, पण आमच्या गल्लीत पापड करणाऱ्या अकरा आणि विकत घेणारी एक अशी परिस्थिती. गच्चीवर भाजी लावली, व्हिडिओ बघून बघून, टोमॅटोला मावा पडला, मेथी कबुतरांनी खाल्ली, आणि मुख्य म्हणजे इचलकरंजीत पिण्याचं पाणीच तीन-चार दिवसाआड येतं तिथं कुंड्यांना काय घालणार. तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी घालून दोन मिरच्या आणि एक कढीपत्ता जगलाय, ते तेवढं ठीक. यूट्यूबवर ज्यांची गच्ची हिरवीगार असते त्यांच्या नळाला रोज पाणी येत असणार, हे माझं ठाम मत झालंय.

जे खरंच उपयोगी पडलं ते सगळं आत्तींचं. 2022 च्या मे महिन्यात सिलिंडर हजारावर गेला बघा, तेव्हा एक दिवस बघते तर आत्तींनी भाताचा कुकर पहिली शिट्टी झाल्या झाल्या उतरवला आणि जुन्या वाकळेत, म्हणजे गोधडीत, गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. मला वाटलं वय झालं. तासाभरानं उघडला तर भात मोकळा, आणि हाताला चटका बसेल इतका गरम. डाळीला जमतं का तर जमतं, पण आधी दोन-तीन तास भिजवायला लागते आणि उकळी नीट आणायला लागते, नाहीतर डाळ कचकच लागते आणि परत गॅसवर ठेवायची म्हणजे वाचवला तेवढा गॅस गेलाच. भांडं भरलेलं पाहिजे, वाटीभर भातात ऊब राहत नाही. अठ्ठावीस-एकोणतीस दिवस जाणारा सिलिंडर आता छत्तीस-सदतीस दिवस जातो. पुढं 2023 च्या ऑगस्टअखेर सरकारनं दोनशे रुपये कमी केले, तरी आम्ही कुकर गुंडाळायचं सोडलं नाही, सवयच लागली.

आत्तींचं माहेर आटपाडीकडचं, माणदेशातलं. बहात्तरच्या दुष्काळात त्या बारा वर्षांच्या होत्या आणि आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. सुकडी (पिठाचं कोरडं खाणं) मिळायची, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली, ती भाकरी थापताना तुटायची असं सांगतात. हे सांगताना त्यांच्या आवाजात रडगाणं नसतं, उलट कुणी टाकून बोललं तर चिडतात. म्हणतात, "फुकट न्हाई खाल्लं, खडी फोडून खाल्लं." आणि मला हे नंतर कळलं की ती रोजगार हमीची कल्पना आपल्या शेजारच्याच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातली, विसापूरला विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 च्या सुमारास तिचा प्रयोग केला, मग दुष्काळात ती राज्यभर राबली आणि 1977 ला कायदा झाला. आत्तींना हे सांगितलं तर म्हणाल्या असंल, मला मुकादम तेवढा ठावकी.

वाकळ शिवायला त्या माहेरीच शिकल्या, म्हणजे शिकल्या असं नाही, घरात अंथरायला दुसरं काही नव्हतं. आता वाकळ आणि गोधडी एकच बरं का. फक्त वाकळ म्हटलं की गिऱ्हाईक सहाशेच्या वर जात नाही, गोधडी म्हटलं की बाराशे देतं, आणि मुंबईच्या एका प्रदर्शनात तीच वस्तू 'हँडमेड क्विल्ट' म्हणून साडेचार हजाराला लावलेली मी डोळ्यांनी बघितलीय. शिवणारीला त्यातले किती गेले असतील ते विचारायची सोय नव्हती, स्टॉलवर ती नव्हतीच.

माझ्या डोक्यात धंद्याचा विचार पुरामुळं आला. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला, नणंदेचं घर नदीकडच्या बाजूला, छातीएवढं पाणी. पाणी उतरल्यावर आम्ही साफसफाईला गेलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूला गाद्यांचे ढीग, सगळ्यांनी कापसाच्या, फोमच्या गाद्या बाहेर फेकलेल्या, कारण गादीत एकदा तो गाळ आणि वास शिरला की ती गेली, पिळता येत नाही की वाळत नाही. आणि नणंदेच्या चार वाकळा आम्ही दगडावर आपटून आपटून धुतल्या, डेटॉल घालून परत धुतल्या, ऊन पडल्यावर तारेवर टाकल्या, दोन दिवसात कडकडीत वाळल्या. 2021 च्या जुलैला परत पूर, परत तेच, फक्त या वेळी नणंदेनं पाणी वाढायच्या आधीच वाकळा माळ्यावर टाकलेल्या. तेव्हा आमच्या घरात माग नव्हते आणि माझ्या हातात वेळ होता.

पहिली गोधडी मी आणि आत्तींनी मिळून शिवली, डबल बेडची. चार साड्या लागल्या. साड्या एकावर एक अंथरायच्या, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं (आमच्याकडं एका कोपऱ्यावर पाटा, एकावर वरवंटा, आणि दोन कोपऱ्यांवर मागाच्या राहिलेल्या बिडाच्या चकत्या असतात, भंगारवाल्याच्या नजरेतून सुटलेल्या), कच्चे टाके घालून घ्यायचे आणि मग कडेनं धावदोरा घालत घालत आत मध्यापर्यंत यायचं. गोधडीवरच बसून शिवायचं असतं, गुडघे आणि कंबर दोन्ही जातात. अंगुस्तान नाही घातलं तर बोटाची चाळण. ती सहाशेला विकली एका ओळखीच्या बाईंना आणि मी आनंदात. आमच्या पोरीनं, आठवीत होती तेव्हा, विचारलं किती तास लागले. दुपारी अडीच-तीन तास, असे पंधरा दिवस, म्हणजे चाळीस तास तरी. तिनं वहीवर भागाकार करून दाखवला. तासाला पंधरा रुपये. त्यातनं दोरा वजा केलेला नाही आणि माणसं दोन, म्हणजे त्याचेही दोन भाग करा.

दोन दिवस मी सुई हातात घेतली नाही.

ही गोष्ट ते घरबसल्या कमवा वाले कधी सांगत नाहीत. काटकसर करून जो पैसा वाचतो तो खरा असतो, पण काटकसरीचा धंदा करायला गेलं की आपला वेळ फुकट धरायची सवय लागते. बाईमाणसाचा दुपारचा वेळ म्हणजे जणू मोकळाच असतो, त्याला कसला आलाय दर. मग मी हिशोबाची वही घातली आणि त्यात पैशाच्या आधी तास लिहायला लागले, किती वाजता बसले, किती वाजता उठले. त्या वहीनं धंदा बदलला, दुसऱ्या कशानं नाही.

पहिलं कळलं की डबल बेडची गोधडी आपल्याला परवडत नाही, ती फक्त ऑर्डर असेल आणि पैसे आधी ठरले असतील तरच. बाळाची परवडते. बाळंतविड्यात द्यायला, बारशाला न्यायला लोक आवडीनं घेतात आणि साडेपाचशेला कुणी का कू करत नाही. तुकडे मशीनवर जोडून घ्यायचे (जुनं पायमशीन बचत गटाच्या कर्जातनं साडेतीन हजाराला घेतलं) आणि वरचा धावदोरा तेवढा हाताचा. आठ तासात होते. साठ रुपये दोरा-कापड जाऊन तासाला साठच्या आसपास पडतात. काही फार नाही, पण पंधराच्या चौपट आहेत.

दुसरं, कापड. इचलकरंजीत कापडाचा तुटवडा असं कुणी म्हटलं तर हसतील, पण जरा थांबा. नवं कापड गोधडीत बरं लागत नाही, खळ असते, ताठ असतं, अंगाला लपेटत नाही. मी वरच्या तुकड्यांच्या नक्षीसाठी फेंट घेते, म्हणजे ठाणातले कापून काढलेले लहान तुकडे, चिंधीपेक्षा मोठे, ते किलोवर मिळतात. पण आत घालायला जुनी सुती साडीच पाहिजे, शंभर वेळा धुतलेली. आणि ती मिळत नाही! कारण आता साठीच्या आतल्या बायका गेली तीस-चाळीस वर्षं पॉलिस्टर आणि मिक्स नेसतायत. ती साडी गोधडीत घातली की सुई निसटते, थर सरकतात, उन्हाळ्यात घाम येतो आणि थंडीत ऊबही येत नाही. खरी सुती नऊवारी नेसणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून चालल्या, त्यांच्याबरोबर माझा कच्चा माल.

हा प्रश्न सोडवला बोहारणीनं. आमच्याकडं एक बोहारीण वीसेक वर्षं येते, आत्तींचं आणि तिचं भांडण ही आमच्या गल्लीतली करमणूक आहे, तीन साड्या आणि एक पँट देऊन स्टीलचं पातेलं घ्यायचं आणि वर एक चमचा मागायचा, ती उठून निघाल्यासारखं करणार, आत्ती नको जाऊ दे म्हणणार, मग चमचा मिळणार. एकदा ती बसलेली असताना मी सहज म्हटलं, मावशी सुती साड्या मिळाल्या तर मला द्या, भांडं नको, मी पैसे देते. तिनं माझ्याकडं असं बघितलं की ही पोरगी येडी झाली. पण पुढच्या आठवड्यात सहा साड्या घेऊन आली. ही बाई कापड बोटात धरून नुसतं चोळते आणि सांगते यात किती सूत, किती मिलावट, कधी चुकत नाही, मामांनी मुद्दाम परीक्षा घेतली तिची, मामांनी म्हणजे ज्यांचं सगळं आयुष्य कापडात गेलं त्यांनी, आणि ते हरले. आता ती तीन गावांतनं माझ्यासाठी सुती साड्या वेगळ्या काढते. पहिल्यांदा चाळीस रुपयाला एक द्यायची, आता नव्वद मागते, आणि मी घासाघीस केली की म्हणते, "तुमच्या सासूनं शिकवलंय मला."

तिसरा मार्ग आपोआप निघाला, गिऱ्हाईकाच्याच साड्या. आई गेली, कपाटात साड्या आहेत, देववत नाहीत आणि नेसवतही नाहीत, अशा लोकांच्या. त्यांच्याकडनं मी फक्त शिवणावळ घेते, मोठ्या गोधडीची तीन हजार, आणि तिथं कुणी भाव करत नाही. सुरुवातीला मला त्याचं अवघडल्यासारखं व्हायचं, कुणाच्या दुःखावर कमवतोय असं. आत्ती म्हणाल्या, तिरडीचं सामान विकणारा बी कमवतोच की.

ऑनलाईनचं थोडक्यात सांगते कारण आठवलं तरी डोकं फिरतं. एका साईटवर टाकल्या होत्या, कमिशन कापून, कुरिअर कापून हातात काय येतं ते बघितलं, वर एकीनं 'जुन्या कपड्याची आहे' म्हणून परत पाठवली. अहो ताई, नावातच आहे की. बंद केलं. व्हॉट्सॲप, ओळखीपाळखी, बास.

आणि आता जे सांगायला मी खरं तर एवढं लिहीत बसले ते. ऑर्डरी वाढल्या तशा गल्लीतल्या चार बायका दुपारी शिवायला यायला लागल्या. मी त्यांना गोधडीमागं पैसे ठरवले, नगावर, सोप्पं म्हणून. कापड माझं, दोरा माझा, त्यांनी शिवून द्यायचं. दिवाळीनंतर मागणी पडली तेव्हा मी नगाला वीस रुपये कमी केले, सगळ्या काही न बोलता हो म्हणाल्या. मामा सोप्यात पेपर वाचत होते. बायका गेल्यावर पेपर खाली ठेवून म्हणाले, "सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आणि बाजार पडला की पीक कमी. शिकलीस की तू."

मला काही बोलायलाच आलं नाही. राग पण आला, कारण मी काय बंगला बांधला होता का, माझेच वांधे होते. पण रात्री झोप लागेना. चौघींतल्या एकीचा नवरा आमच्यासारखाच, माग विकलेला. मी आणि तो व्यापारी यात फरक काय तर मी चहा पाजते.

मग तासावर केलं. त्यांच्या नावानं वहीत पान घातलं, माझं जसं होतं तसंच, जो दर मला तोच त्यांना. याचा तोटा पण सांगते, एक जण फार हळू शिवते, गप्पा मारत मारत, आणि मला ते दिसतं आणि बोलता येत नाही. आणि मागणी नसेल त्या महिन्यात मी काम कमी देते, दर कमी करत नाही, म्हणजे शेवटी त्यांच्या हातात कमीच पडतात. हे काही सुटलेलं नाही. पावसाळ्यात तर फारच कमी काम असतं, गोधड्या वाळत नाहीत आणि लोक पण थंडीच्या तोंडावरच आठवण काढतात. गेल्या वर्षी माझ्या वहीप्रमाणं चांगल्या महिन्यात माझ्या स्वतःच्या हातात साडेसात-आठ हजार आले आणि जुलैत अकराशे. घर अजून मिस्टरांच्या पगारावरच चालतं. पोरीच्या क्लासची फी, सिलिंडर आणि आत्तींची औषधं मात्र या वहीतनं जातात, आणि त्यासाठी कुणापुढं हात पसरला नाही.

मामा हल्ली कडेला येऊन बसतात. परवा धावदोरा बघून म्हणाले, हिचे टाके इंचात सहा पडतायत आणि तिचे चार, एका गोधडीत दोन पीक कसे चालतील. जित्याची खोड. तेव्हापासून फूटपट्टी घेऊन तपासायचं काम त्यांच्याकडं दिलंय, बायका त्यांना जॉबर (मागांवर देखरेख करणारा) म्हणून चिडवतात, आणि त्यांचेही तास मी वहीत लिहिते, त्यांना सांगितलेलं नाही अजून.

पुण्याच्या त्या ताईंना मी लिंक पाठवीन, त्यांना पाहिजे होतं तसं झालंय का माहीत नाही. अजून चिंध्यांचं लिहायचं होतं, उरलेल्या चिंध्या गॅरेजवाले पुसायला नेतात त्याचं, पण नळ फुसफुसायला लागलाय, म्हणजे पाणी येतंय, चार दिवसांनी. बॅरल भरायचंय आणि दोन गोधड्या भिजवायच्यात, उठते.